शंभर सीसीचं गिऱ्हाईक

दुचाकीच्या शोरूममध्ये भाव विचारला की काउंटरवरून एक कागद हातात मिळतो. कोटेशन. सगळ्यात वर एक्स-शोरूम किंमत, मग आरटीओचा कर, विमा, स्मार्ट कार्ड, कर्ज असेल तर एचपीची, म्हणजे गाडी तारण असल्याच्या नोंदीची फी, लेगगार्ड-सीटकव्हर वगैरे ॲक्सेसरीज, आणि तळाला ठळक अक्षरांत ऑन रोड. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका सब-डीलरच्या काउंटरवर मी हे कागद वर्षानुवर्षं लिहिले. आधी कार्बन घालून हाताने, नंतर प्रिंटरवर. गिऱ्हाईक पहिला आकडा पाठ करून आलेलं असतं, कारण जाहिरातीत तोच असतो. मग त्याचं बोट एकेका ओळीवरून खाली सरकत जातं. सहीच्या जागी अंगठा उठवणारे म्हातारेसुद्धा आकडे बरोबर वाचतात. तळाशी पोचले की विचारतात, "भाऊ, हे जास्तीचं कशाचं?"

या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर गेल्या आठ-नऊ वर्षांची हकिगत सांगावी लागते. ती सांगितली की आणखी एका प्रश्नाचं उत्तर हाती येतं, जो हल्ली पेपरच्या अर्थविषयक पानांवर अधूनमधून दिसतो: खर्च वाढत चाललाय, तर मोटारसायकलचा धंदा उतरणीला लागलाय का?

वाहन कंपन्यांची संघटना, सियाम, दरवर्षी आकडे देते. २०१८-१९ मध्ये देशात दोन कोटी बारा लाखांच्या आसपास दुचाकी विकल्या गेल्या. तोवरचा तो उच्चांक होता. तीन वर्षांत आकडा एक कोटी पस्तीस लाखांच्या घरात आला. मध्ये करोना होता हे खरं, पण उतार २०१९-२० मध्येच लागला होता, आणि त्या वर्षात टाळेबंदी आली ती शेवटच्या आठवड्यात. पुढे हळूहळू चढत २०२४-२५ मध्ये एक कोटी शहाण्णव लाखांपर्यंत गाडी आली. चला, सावरलं, असं वाटतं. पण फोड करून बघा. स्कूटर २०१८-१९ मध्ये सदुसष्ट लाख होत्या, त्या अडुसष्ट लाखांच्या वर गेल्या. मोटारसायकली एक कोटी छत्तीस लाख होत्या, त्या एक कोटी साडेबावीस लाखांवर अडल्या. त्यातही रॉयल एन्फील्डने त्याच वर्षी, निर्यात धरून, पहिल्यांदा दहा लाखांचा टप्पा ओलांडला, आणि सव्वाशे सीसीच्या गाड्या आधीपेक्षा कितीतरी जास्त खपल्या. मग कमी झालं कोण? जो उरतो तो. शंभर सीसीची साधी गाडी घेणारा.

आता आपल्या घरच्याच कंपनीचं बघू. बजाज ऑटोने २०१८-१९ मध्ये निर्यात आणि रिक्षा धरून पन्नास लाखांच्या वर गाड्या विकल्या, आणि उलाढाल तीस हजार कोटींच्या आसपास होती. २०२४-२५ मध्ये गाड्या साडेसेहेचाळीस लाखांवर आल्या आणि उलाढाल पन्नास हजार कोटींवर गेली. गाड्या घटल्या, पैसा वाढला. ताळेबंद वाचणाऱ्याला यात उतरण कुठे दिसणार? चाकणमध्ये केटीएम बनते, ट्रायम्फची स्पीड ४०० बनते, आणि दोन-अडीच लाखांच्या गाड्यांना पुण्या-मुंबईत गिऱ्हाईक आहे. धंदा तगडा आहे. त्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवरची माणसं गळाली आहेत. मला काळजी आहे ती त्यांची, कारण माझ्या काउंटरवर तीच यायची.

कोण यायचं? दोन्ही बाजूंना कॅन अडकवून पहाटे डेअरी गाठणारा. विनाअनुदानित शाळेवर लागलेला, घर एका गावात आणि शाळा तिसऱ्या गावात असलेला मास्तर. एमआयडीसीत कंत्राटी लागलेला पोरगा, ज्याची रात्रपाळी सुटते तेव्हा गावाकडे जायला एसटी नसते. मुलीच्या लग्नात जावयाला गाडी कबूल करून बसलेला बाप. ती प्रथा मला कधीच पटली नाही, पण तो बाप समोर बसलेला असायचा आणि त्याचा घसा कोरडा पडलेला दिसायचा. यातल्या कुणालाच गाडी हौसेसाठी नको होती. त्यांच्या कमाईचा रस्ताच तिच्यावरून जात होता.

२०१८ मध्ये बजाजची सीटी १०० तीस-एकतीस हजारांत मिळत होती, एक्स-शोरूम. आज नवी पेट्रोलची मोटारसायकल पंचावन्न हजारांच्या खाली सापडणं मुश्कील. स्प्लेंडर तेव्हा पन्नास हजारांच्या आसपास होती, ती २०२४ मध्ये पंच्याहत्तर हजारांच्या घरात गेली. हा फरक एका रात्रीत पडला नाही. तो एकेका ओळीने कोटेशनवर चढला.

सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागू लागला. सुप्रीम कोर्टाचा आदेश होता. आधी वर्षाला सातशे-साडेसातशे भरून काम भागायचं, आता गाडी दारात येण्याआधीच सव्वातीन हजारांहून जास्त मोजायचे, त्यावर कर वेगळा. एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम न होऊ देणारी यंत्रणा, आणि बाकीच्यांना सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारी यंत्रणा, सक्तीची झाली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम आले. बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर गेला, त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन, ऑक्सिजन सेन्सर आणि सायलेन्सरमध्ये भारीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. २०२३ मध्ये त्याचा दुसरा टप्पा, म्हणजे गाडीने स्वतःच स्वतःचं प्रदूषण तपासत राहायचं. राज्याचा एकरकमी कर किमतीवर दहा-अकरा टक्के, त्यामुळे किंमत चढली की तोही आपोआप चढला. पेट्रोलने मे २०२१ मध्ये मुंबईत शंभरी गाठली. परभणीने तर मुंबईच्याही आधी, कारण आमच्याकडचं पेट्रोल मनमाडच्या डेपोतून टँकरने इतक्या लांब यायचं की वाहतुकीचाच भार लिटरवर पडायचा.

यातली एकही गोष्ट मी चूक म्हणणार नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यातली चव्वेचाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. आमच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे अचानक ब्रेक दाबावा लागलेल्या माणसाला विचारा, दोन्ही चाकांना एकदम लागणारा ब्रेक काय असतो ते. धुराचंही तेच. सिग्नलला पुढच्या गाडीचा धूर नाकात जातो तो दुचाकीवाल्याच्याच. कारवाला काच वर करून बसतो. सगळ्या दुचाकींना एबीएस लावण्याचा मसुदा केंद्राने २०२५ मध्ये काढला, त्यालाही माझा विरोध नाही.

माझी तक्रार निराळी आहे. प्रत्येक खात्याने आपापली ओळ लिहिली आणि तळाची बेरीज कुणी केली नाही. वर या सगळ्यावर अठ्ठावीस टक्के जीएसटी लागत होता. ब्रेकवर अठ्ठावीस, धूर कमी करणाऱ्या यंत्रावर अठ्ठावीस. सरकार एका हाताने सांगणार की ही वस्तू जीव वाचवायला हवीच, आणि दुसऱ्या हाताने तिच्यावर चैनीच्या वस्तूचा कर घेणार. २०१७ च्या जुलैपासून २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत हे चाललं. दूधवाल्याची शंभर सीसी आणि शहरातली साडेतीनशे सीसी, दोघींना दर एकच.

आता हप्त्याचं बघू, कारण खालच्या पायरीवर रोखीने गाडी घेणारा विरळाच. समजा ऑन रोड पंच्याण्णव हजार झाले. पंचवीस हजार डाऊनपेमेंट, सत्तर हजारांचं कर्ज, तीन वर्षं. फायनान्सचा माणूस सांगतो, अकरा टक्के फ्लॅट. ऐकायला बँकेच्या जवळपासचं वाटतं. फ्लॅट म्हणजे तीन वर्षं पुऱ्या सत्तर हजारांवर व्याज, मधे कितीही फेडले तरी. व्याज होतं २३,१००. महिन्याचा हप्ता २,५८६. घटत्या शिलकीवर मांडलं तर हाच दर वीस टक्क्यांच्या घरात जातो. पंच्याण्णव हजारांची गाडी एक लाख अठरा हजारांना पडते. हा हिशेब मी गिऱ्हाइकाला कागदाच्या पाठीमागे लिहून दाखवायचो. मालकाला ते आवडत नसे, पण त्याने कधी हात धरला नाही.

आणि ज्याच्या हातात पगार नाही, माल आहे, त्याने काय करायचं? २०२४ च्या दिवाळीत सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि आमच्याकडच्या बाजारात चार-सव्वाचार हजारांना माल जात होता. त्या भावाने पंच्याण्णव हजार म्हणजे बावीस ते चोवीस क्विंटल. एकरी सात-आठ क्विंटल निघालं तर आमच्याकडे पीक चांगलं म्हणतात. म्हणजे तीन एकरांचं सोयाबीन जसंच्या तसं एका मोटारसायकलीत गेलं, बी-खत-फवारणी-मळणी काही वजा न करता. मराठवाड्यात तीन एकरांपेक्षा जास्त नसलेली घरं कमी नाहीत.

अशा वेळी माणूस नवी गाडी घेत नाही. तो जुनी वापरत राहतो किंवा कुणाची तरी जुनी घेतो. शहरातल्या पोराने सात वर्षं पिदवलेली गाडी आता गावाकडे पस्तीस-चाळीस हजारांना मागतात, ज्या पैशात एके काळी कोरी मिळायची. आमच्या बसस्टँडमागचे मिस्त्री सांगतात, इंजिनची कामं वाढलीत. पूर्वी रिंगा-पिस्टन करायची वेळ आली की लोक गाडी देऊन टाकायचे, आता बोअर करून, क्लचप्लेट टाकून, चेनसॉकेट बदलून आणखी चार वर्षं काढतात.

या मिस्त्रींचं काम मी तासन्‌तास उभं राहून बघितलंय. गाडी चालू ठेवायची, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनच्या झाकणावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. टॅपिट वाजतंय की टायमिंग चेन, ते त्यांना त्या आवाजावरून कळतं. कार्बोरेटर खोलून जेट डोळ्यासमोर धरायचा, भोकातून उजेड आला तर ठीक, नाहीतर तांब्याच्या वायरच्या एका तारेने साफ करायचा आणि फुंकर मारायची. पन्नास-शंभर रुपयांत माणूस घरी. बीएस-६ च्या गाडीला हा कानही चालत नाही आणि ही तारही. तिथे स्कॅनर लागतो, सेन्सर बदलावा लागतो, आणि बॅटरी पार बसली की किक मारून उपयोग नसतो, कारण पेट्रोल चढवणारा पंपच बॅटरीवर. नव्या गाड्या बिघडतात कमी, हे मान्य. पण बिघडली की तालुका सोडून जिल्ह्याला न्यावी लागते, टेम्पोत घालून. हा खर्च कुठल्याच कोटेशनवर नसतो. ज्याचा त्या दिवशीचा रोज बुडाला त्यालाच तो कळतो.

मात्र या वाढीव खर्चाला दुसरी बाजू आहे, आणि ती माझ्या घरातलीच आहे. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला आला. त्याच्या मागे सुटे भाग बनवणारे आले. एन्ड्युरन्स, व्हॅरॉक या कंपन्या इथूनच मोठ्या झाल्या. माझा मामा अशाच एका कारखान्यात ब्रेकच्या लाईनवर होता. खेड्यातून सायकलवर वाळूजला जाणारा तो माणूस त्या पगारावर बहिणींची लग्नं करून मोकळा झाला. डिस्क ब्रेक, एबीएस, बीएस-६ चे भाग हे कोटेशनवर महागाई म्हणून दिसतं, आणि वाळूजमध्ये तेच नवीन ऑर्डर म्हणून दिसतं. मामा म्हणायचा, "तुझं गिऱ्हाईक रडतंय ते आमच्याकडे ओव्हरटाइम होऊन येतं." मला याचं उत्तर सापडायचं नाही. आजही पुरतं सापडलेलं नाही. एवढंच दिसतं की भाग महाग असला तरी वर्षाला एक कोटी छत्तीस लाख गाड्यांना लागणं आणि एक कोटी साडेबावीस लाखांना लागणं यात वाळूजच्या पाळ्यांचा फरक पडतो. निर्यातीवर विसंबावं तर तिथलेही झटके आहेत. बजाजची बॉक्सर आफ्रिकेत हजारो लोकांची टॅक्सी आहे, पण २०२३ मध्ये नायजेरियाचं चलन कोसळलं तेव्हा तिथला खप कोसळला आणि त्याची झळ इथवर आली.

हे सगळं कुठे जाऊ शकतं ते जपानकडे बघून कळतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये वर्षाला तीस लाखांहून जास्त दुचाकी खपत होत्या. आता चार लाखांच्या आसपास. तिथली सगळ्यात खालची पायरी म्हणजे पन्नास सीसीची छोटी गाडी. पोस्टमन, पेपरवाले, नूडल्स पोचवणारे, कॉलेजची पोरं, सगळ्यांची पहिली गाडी. धुराचे नियम कडक होत गेले तसं एवढ्याशा इंजिनात ते बसवायचा खर्च गाडीच्या किमतीत मावेना. २०२५ मध्ये होंडाने पन्नास सीसीची सुपर कब बंद केली आणि सरकारने त्याच लायसन्सवर कमी ताकदीची सव्वाशे सीसी चालवायला मुभा दिली. जपानला हे झेपलं, कारण तिथे रेल्वे दर काही मिनिटांनी येते आणि हलक्या छोट्या कार स्वस्तात मिळतात. आमच्या वस्तीवर दिवसातून दोनदा एसटी येते, तीही शाळा सुरू असेल तर. आमच्याकडे खालची पायरी निखळली तर माणूस पायीच चालणार, किंवा वडाप जीपच्या टपावर बसणार.

गाडीची इच्छाच आटली असेल, असंही काही जाणकार म्हणतात. तरुणांना मोबाईल हवा, गाडी नको. शहरात असेल तसं. मी जे बघितलं ते वेगळं आहे. २९ मार्च २०१७ ला सुप्रीम कोर्टाने बीएस-३, म्हणजे धुराच्या जुन्या नियमांच्या गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून बंद केली आणि कंपन्यांनी उरलेला माल काढायला दहा-बारा हजारांपर्यंत, काही गाड्यांवर त्याहून जास्त सूट दिली. ३१ तारखेला आमच्या शटरबाहेर सकाळपासून रांग होती. लोक मंगळसूत्र गहाण ठेवून, सोसायटीतून उचल घेऊन, भाऊबंदांकडून हातउसने घेऊन आले होते. दुपारपर्यंत एकही गाडी शिल्लक राहिली नाही, तरी लोक हलेनात. डिस्प्लेला ठेवलेली, ओरखडा पडलेली गाडीसुद्धा गेली. पुन्हा तसंच २०२५ मध्ये. २२ सप्टेंबरपासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा झाला आणि शंभर सीसीची गाडी सहा-सात हजारांनी उतरली. त्या ऑक्टोबरमध्ये दसरा आणि दिवाळी दोन्ही आले होते हे खरं, पण देशभरात एका महिन्यात तीस लाखांहून जास्त दुचाकींची नोंदणी झाली ती नुसत्या सणामुळे नाही. सण दरवर्षी येतो. ही माणसं किंमत उतरायची वाट बघत थांबली होती.

सीएनजी आणि बॅटरी यांचं नाव या चर्चेत निघतंच. बजाजने जुलै २०२४ मध्ये जगातली पहिली सीएनजी मोटारसायकल पुण्यात आणली, पंच्याण्णव हजारांपासून. चालवायला स्वस्त, पण आमच्या तालुक्यात सीएनजीच्या पंपावर रिक्षांचीच रांग संपत नाही. बॅटरीची स्कूटर शहरातल्या सपाट रस्त्यावर उत्तम. चाऱ्याचा भारा मागे बांधून शेताच्या वाटेवरून जाईल, रात्री लोडशेडिंग असतानाही सकाळी तयार असेल, आणि पंचावन्न हजारांत मिळेल, अशी मोटारसायकल बॅटरीवर आली तर मी स्वतः तिची कोटेशनं फुकट लिहून देईन.

तोवर एक मागणी करावीशी वाटते. इलेक्ट्रिक गाडीला पाच टक्के जीएसटी आहे, मग ती स्कूटर पावणेदोन लाखांची का असेना. एकशे दहा सीसीपर्यंतच्या मोटारसायकलीलाही तोच दर लावावा. एबीएस सक्तीचं करायचं असेल तर जरूर करावं, आणि त्याच दिवशी हा दर लागू करावा. आज अठरा टक्के धरून चौऱ्याहत्तर हजारांना मिळणारी गाडी पाच टक्क्यांनी पासष्ट हजार आठशेच्या आसपास येते. आठ हजार तिथे सुटले. किंमत उतरल्यामुळे आरटीओचा करही आठशेच्या आसपास उतरतो. ऑन रोडच्या आकड्यात जवळपास नऊ हजारांचा फरक पडतो, म्हणजे वर मांडलेल्या हिशेबातले साडेतीन हप्ते.